दीडशे वर्षे, सोळा आठवडे : आधुनिक अमेरिकेच्या इतिहासाचा ऑनलाइन अभ्यासक्रम

अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत देशाचा इतिहास पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांत दोन भागांत शिकवला जातो. पहिला भाग युरोपीय वसाहतींच्या आधीपासून निघून १८७७ ला थांबतो आणि दुसरा तिथून चालू शतकापर्यंत येतो. काही ठिकाणी ही सीमा १८६५ वर, म्हणजे यादवी युद्धाच्या अखेरीवर आखलेली असते. एवढ्या मोठ्या काळाचा एकाच सत्रात घेतलेला आढावा तिकडे ‘सर्व्हे कोर्स’ या नावाने ओळखला जातो. त्यातल्या दुसऱ्या भागाची, आणि तो ऑनलाइन घेताना विद्यार्थ्यापुढे काय काय येते याची ओळख करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे. दीडशे वर्षे पंधरा-सोळा आठवड्यांत बसवायची म्हणजे दर आठवड्याला जवळपास एक दशक मागे टाकावे लागते. या वेगात काय हाती लागते आणि काय निसटते, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

हा विषय घेणारे सगळेच काही इतिहासाच्या ओढीने येत नाहीत. टेक्सास राज्याचे उदाहरण बोलके आहे. तिथल्या सरकारी महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्याला अमेरिकेच्या इतिहासाची सहा क्रेडिट्स पूर्ण करावीच लागतात, असा राज्याचा कायदा आहे. त्यातली तीन टेक्सासच्या इतिहासाची घेतली तरी चालतात. राज्यभर या दोन भागांना सामायिक क्रमांक आहेत : ‘हिस्ट्री १३०१’ आणि ‘हिस्ट्री १३०२’. त्यामुळे १३०२ च्या वर्गात संगणक, नर्सिंग, हिशेबशास्त्र, अभियांत्रिकी अशा सगळ्या शाखांची मुले असतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या आयुष्यातला इतिहासाचा हा शेवटचा तास असतो. शाळेच्या शेवटच्या वर्षांत ‘ड्युअल क्रेडिट’ म्हणून हाच विषय घेऊन महाविद्यालयाची तीन क्रेडिट्स आधीच पदरात पाडून घेणारीही पुष्कळ असतात. डॅलस आणि ह्यूस्टनच्या उपनगरांतल्या मराठी घरांना हे क्रमांक अनोळखी नाहीत. नोकरी करणाऱ्यांना, घरात लहान मूल असलेल्यांना आणि महाविद्यालयापासून लांब राहणाऱ्यांना ऑनलाइन वर्ग सोयीचा पडतो. भारतातून एफ-१ व्हिसावर गेलेल्यांनी मात्र एक नियम ध्यानात ठेवायला हवा : पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून हिशेब मांडताना एका सत्रात एकच ऑनलाइन विषय, म्हणजे तीन क्रेडिट्स, धरता येतात.

सुरुवात १८७७ पासून का, याचे उत्तर यादवी युद्धानंतरच्या बारा वर्षांत, म्हणजे ‘पुनर्रचना’ (रिकन्स्ट्रक्शन) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळात आहे. तेराव्या घटनादुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामगिरी संपवली, चौदाव्या दुरुस्तीने १८६८ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारायला बंदी केली. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केला, तो याच काळात. पण त्याच वर्षी लुइझियानातील कोलफॅक्स इथे सशस्त्र गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांचे हत्याकांड केले. मिळालेले हक्क टिकवणे हे मिळवण्याइतकेच कठीण होते. १८७६ ची अध्यक्षपदाची निवडणूक वादात सापडली, रदरफोर्ड हेज अध्यक्ष झाले आणि दक्षिणेतल्या उरलेल्या पुनर्रचनावादी सरकारांच्या पाठीशी उभे असलेले संघीय सैन्य १८७७ मध्ये बाजूला झाले. हक्क घटनेत राहिले, त्यांची अंमलबजावणी थांबली. अभ्यासक्रमाचा दुसरा भाग या थकीत हिशेबापासून सुरू होतो.

पहिले तीन-चार आठवडे उद्योग, रेल्वे आणि शहरे यांचे असतात. देशाच्या पूर्व-पश्चिम भागांना जोडणारा लोहमार्ग १८६९ मध्ये युटातल्या प्रॉमन्टरी इथे पूर्ण झाला. त्याच्या पश्चिमेकडच्या भागात हजारो चिनी मजूर राबले होते आणि १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांनाच देशाची दारे बंद झाली. १८८६ हे एकच वर्ष घेतले तरी या काळाची कल्पना येते. मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. मे महिन्यात शिकागोच्या हेमार्केट चौकात आठ तासांच्या कामाच्या मागणीच्या वेळी बॉम्बस्फोट आणि गोळीबार झाला. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी आलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढे देशभर प्रवास केला आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक लिहिले. अभ्यासक्रमाच्या याच आठवड्यांतला देश एका मराठी बाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मराठीत मांडलेला आहे, आणि मराठी वाचकाला तो पूरक वाचन म्हणून उपलब्ध आहे.

त्यानंतर १८९६ चा ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटला येतो. रेल्वेत गोऱ्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे डबे वेगळे असले तरी सोयी समान असल्या की पुरे, असा निकाल देऊन सर्वोच्च न्यायालयाने वंशभेदाला कायद्याचा आधार दिला. १८९८ च्या स्पेनशी झालेल्या युद्धानंतर प्वेर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सुधारणावाद्यांनी मक्तेदाऱ्या, भेसळ, बालमजुरी आणि कारखान्यांतली असुरक्षितता यांविरुद्ध आघाड्या उघडल्या. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला लागलेल्या आगीत १४६ कामगार मेले. त्यात बहुसंख्य स्थलांतरित तरुणी होत्या, आणि आगीच्या वेळी बाहेर पडायचा एक दरवाजा कुलूपबंद होता. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये एकोणिसाव्या दुरुस्तीने स्त्रियांचा मताधिकार घटनेत आणला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता ‘गोरा’ ठरत नाही असे सांगितले. १९२४ च्या कायद्याने आशियातून येणारे स्थलांतर जवळजवळ बंद केले.

सत्राच्या मध्यावर महामंदी येते. १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत दर चार कामगारांमागे साधारण एक बेकार झाला. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ने बँका, शेती, रोजगार आणि वृद्धांचे निर्वाहवेतन यांत सरकारला उतरवले. मात्र १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात शेतमजूर आणि घरकाम करणारे आरंभी बसत नव्हते, आणि दक्षिणेतले कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने नेमकी हीच कामे करत होते. दुसऱ्या महायुद्धाने कारखाने पुन्हा धडधडू लागले. युद्धावरून परतलेल्यांना १९४४ च्या ‘जीआय बिल’ने शिक्षण आणि घरकर्जाची मदत दिली. पुढचे आठवडे शीतयुद्धाचे, उपनगरांचे आणि नागरी हक्कांच्या चळवळीचे. शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ‘ब्राउन’ निकाल, १९५५-५६ चा माँटगोमेरीचा बसबहिष्कार, १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा हे त्यातले मुख्य टप्पे. १९६५ मध्येच स्थलांतराचा कायदा बदलून देशवार वाटपाची जुनी पद्धत मोडीत निघाली. अमेरिकेतल्या बहुतेक मराठी कुटुंबांची तिथली कहाणी या कायद्यानंतर सुरू होते.

शेवटच्या तीन-चार आठवड्यांत व्हिएतनाम, वॉटरगेट आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन यांचे अध्यक्षपद सोडणे, रीगन यांचा काळ, शीतयुद्धाची अखेर आणि ११ सप्टेंबर २००१ चे हल्ले एवढे सगळे असते. सत्राच्या अखेरीस विद्यार्थी दमलेले असतात, परीक्षा तोंडावर असते, आणि जो काळ आजच्या बातम्यांना सर्वांत जवळचा तोच सर्वांत घाईत उरकला जातो. हा या अभ्यासक्रमाचा जुना दोष आहे. शेवटच्या प्रकरणांचे वाचन सत्राच्या मध्यापासूनच थोडे थोडे उरकत गेल्यास तो बऱ्याच अंशी टळतो.

एवढ्या यादीतून काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे इतिहासकार ठरवतात, आणि त्यांचे निर्णय पिढीगणिक बदलतात. पुनर्रचनेच्या काळाचेच घ्या. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांनी असे चित्र उभे केले, की कृष्णवर्णीयांना मताधिकार देणे हीच मोठी चूक होती आणि त्यातून फक्त भ्रष्टाचार माजला. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकत होते, तेव्हा पाठ्यपुस्तकांवर याच मताची छाप होती. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ लिहून त्याला उत्तर दिले, पण व्यावसायिक इतिहासकारांनी ते फारसे मनावर घेतले नाही. पुढे १९८८ मध्ये कोलंबियातलेच प्राध्यापक एरिक फोनर यांच्या ग्रंथाने पुनर्रचनेकडे अपुऱ्या राहिलेल्या लोकशाही प्रयोगाच्या दृष्टीने पाहायला शिकवले. आजची बहुतेक पाठ्यपुस्तके या मताच्या बाजूने आहेत. एकाच विद्यापीठातून, त्याच बारा वर्षांविषयी, दोन विरुद्ध निष्कर्ष निघाले. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद हा कोणाच्या तरी निवडीचा आणि युक्तिवादाचा परिणाम असतो, हे या एका उदाहरणातून कळते.

आता ऑनलाइन वर्ग प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहू. कॅनव्हास, ब्लॅकबोर्ड किंवा मूडल अशा एखाद्या प्रणालीवर आठवडावार मोड्यूल मांडलेले असतात. एका मोड्यूलमध्ये पाठ्यपुस्तकाच्या एक-दोन प्रकरणांचे वाचन, ध्वनिमुद्रित व्याख्याने, एक-दोन मूळ कागदपत्रे, छोटी प्रश्नमंजूषा आणि लेखी चर्चा असते. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी स्क्रीनसमोर हजर राहायचे, असे वर्ग थोडे असतात. बहुतेक वर्गांत वेळ ज्याची त्याने ठरवायची आणि मुदत पाळायची, एवढाच नियम असतो. प्राध्यापकाने मात्र नियमित आणि विषयाला धरून संवाद ठेवायलाच हवा. तसा संवाद नसेल तर केंद्र सरकारच्या शिक्षणसाहाय्याच्या दृष्टीने तो पत्रव्यवहाराचा अभ्यासक्रम ठरतो.

तीन क्रेडिट्स म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास, असा रूढ हिशेब आहे. म्हणजे आठवड्याचे नऊ तास. वर्गात जायचे नसले तरी हे तास कमी होत नाहीत. तोच अभ्यासक्रम आठ आठवड्यांच्या छोट्या सत्रात घेतला तर आठवड्याला अठरा तास लागतात, आणि उन्हाळ्याच्या पाच-सहा आठवड्यांच्या सत्रात त्याहून जास्त. ऑनलाइन विषय अर्धवट सोडणाऱ्यांपैकी अनेकांचे गणित इथेच चुकलेले असते. मुदत बहुधा रविवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची असते. सुट्टीत महाराष्ट्रात आलेल्या विद्यार्थ्यासाठी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची ही वेळ उन्हाळ्यात सोमवारी सकाळी ९ वाजून २९ मिनिटांनी आणि हिवाळ्यात १० वाजून २९ मिनिटांनी येते. अभ्यासक्रमपत्रिकेत कोणत्या भागाची घड्याळी वेळ धरली आहे, ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

चर्चेची रीत ठरलेली असते. आठवड्याच्या मध्यापर्यंत प्रश्नावर स्वतःचे टिपण लिहायचे आणि आठवडा संपण्याआधी दोन सहाध्यायांना उत्तरे द्यायची. ‘तुझा मुद्दा पटला, छान लिहिलेस’ अशा उत्तराला गुण मिळत नाहीत. पटलेल्या मुद्द्याला वाचनातला वेगळा पुरावा जोडला, किंवा न पटलेल्या मुद्द्याशी विसंगत कागदपत्र पुढे ठेवले, तर ते उत्तर ठरते. प्रत्यक्ष वर्गात मागच्या बाकावर गप्प बसून वेळ निभावता येते. इथे प्रत्येकाला लिहावेच लागते. ज्याला इंग्रजीत चटकन बोलायला संकोच वाटतो, त्याला विचार करून लिहायची ही सवड उलट फायद्याची ठरते.

या अभ्यासक्रमाचा गाभा मूळ कागदपत्रांच्या वाचनात आहे. एक नमुना पाहू. १९४२ च्या वसंतात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर भिंतींवर आणि खांबांवर लष्कराची छापील सूचनापत्रे लागली. मथळ्यात जपानी वंशाच्या सर्व व्यक्तींना उद्देशून सूचना आहेत असे म्हटले होते. त्याखाली शहराच्या ठरावीक भागाच्या सीमा, तिथून निघायची तारीख, कुटुंबप्रमुखाने नोंदणीला कुठे यायचे ते, आणि सोबत काय आणायचे याची यादी : अंथरूण-पांघरूण, कपडे, प्रसाधनाचे सामान, सुऱ्या, काटे, चमचे, ताटल्या, वाडगे, पेले. गादी आणायची नाही. सामान स्वतःला उचलता येईल एवढेच, बांधून, नाव आणि नंबर घालून. पाळीव प्राणी आणता येणार नाहीत. खाली सही लेफ्टनंट जनरल डिविट यांची.

विद्यार्थ्याला इथे विचारले जाते : हे कोणी लिहिले, कोणासाठी, आणि यात काय नाही? लिहिणारा सेनाधिकारी आहे, न्यायाधीश नव्हे. यात आरोप नाही, सुनावणीची तारीख नाही, परत कधी यायचे ते नाही. मग दुसरा कागद समोर ठेवला जातो. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ रोजी काढलेला कार्यकारी आदेश क्रमांक ९०६६. या सगळ्याला अधिकार देणाऱ्या त्या आदेशात कोणत्याही समाजाचे नाव नाही. दोन्ही शेजारी ठेवले की सत्ता कागदोपत्री कशी उतरते हे दिसते : वर मोघम अधिकार, खाली नेमके नाव आणि चमच्यांची यादी. या कारवाईत सुमारे १,२०,००० माणसे छावण्यांत गेली आणि त्यातली जवळपास दोन तृतीयांश अमेरिकेची नागरिक होती. सरकारने पुढे केलेले लष्करी गरजेचे कारण खरे मानायचे, तर पुढचा प्रश्न येतो : जपानने हल्ला केलेले पर्ल हार्बर ज्या हवाई बेटांवर आहे, तिथे लोकसंख्येचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग जपानी वंशाचा असूनही अशी सरसकट हकालपट्टी का झाली नाही? सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये कोरेमात्सू खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ही कारवाई वैध ठरवली. १९८८ मध्ये काँग्रेसने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर द्यायचे ठरवले.

हा कागद अभ्यासक्रमात आठव्या किंवा नवव्या आठवड्यात येतो, पण तो समजायला दुसऱ्या आठवड्यातला १८८२ चा कायदा, मधला १९२४ चा कायदा आणि चौदाव्या दुरुस्तीतले जन्मसिद्ध नागरिकत्व आठवावे लागते. ऑनलाइन मांडणीची मोठी अडचण इथेच आहे. प्रत्येक मोड्यूल स्वतंत्र उघडतो, त्याची परीक्षा संपली की बंद होतो आणि मागचे पान पुन्हा उघडायची गरज भासत नाही. वर्गात शिक्षक बोलता बोलता तीन आठवडे मागे जाऊन दुवा जोडतो. इथे तो दुवा विद्यार्थ्याने जोडायचा. त्यासाठी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न निवडून तो शेवटपर्यंत सोबत ठेवणे हा उत्तम उपाय आहे. नागरिक कोणाला मानायचे, सरकारने अर्थव्यवस्थेत किती पडायचे, देशाबाहेर अमेरिकेने कशासाठी लढायचे, यांपैकी कोणताही प्रश्न चालतो. प्रत्येक मोड्यूलच्या अखेरीस त्या प्रश्नाखाली दोन-तीन ओळी लिहिल्या, तर अंतिम परीक्षेच्या दीर्घ उत्तराचा कच्चा आराखडा आपोआप तयार होतो.

साधनांचा खर्च आता अडसर राहिलेला नाही. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातून चालणाऱ्या ओपनस्टॅक्सचे ‘यू. एस. हिस्टरी’ आणि जोसेफ लॉक व बेन राइट यांनी संपादित केलेले ‘द अमेरिकन यॉप’ ही दोन्ही पाठ्यपुस्तके मोफत वाचता येतात. पहिले मांडणीला सरळ आणि परीक्षेला सोयीचे आहे. दुसऱ्याला प्रत्येक प्रकरणासाठी मूळ कागदपत्रांची जोड आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह आणि राष्ट्रीय अभिलेखागारातले दस्तऐवज पुण्यात किंवा कोल्हापुरात बसूनही तितकेच खुले आहेत. प्रवेश न घेता केवळ जिज्ञासेने वाचणाऱ्या मराठी वाचकाला हाच अभ्यास या साधनांवर स्वतःच्या गतीने करता येतो. त्याला क्रेडिट मिळणार नाही, एवढाच फरक.

मूल्यमापनात प्रश्नमंजूषांचा वाटा लहान आणि लेखनाचा मोठा, असा कल अलीकडे दिसतो. नक्कल शोधणारी सॉफ्टवेअर आधीपासून होती. आता यंत्राकडून निबंध लिहून घेण्याची सोय झाल्यापासून अनेक प्राध्यापक नेमून दिलेल्याच कागदपत्रातील जागा दाखवून उत्तर मागतात, कच्चे मसुदे पाहतात किंवा कॅमेऱ्यासमोर तोंडी प्रश्न विचारतात. नियम प्रत्येक महाविद्यालयाचे वेगळे असतात आणि ते अभ्यासक्रमपत्रिकेत छापलेले असतात. कशाची मुभा आहे ते तिथेच वाचून घ्यावे, सहाध्यायांच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

सोळा आठवड्यांत कोणी अमेरिकेच्या इतिहासाचा जाणकार होत नाही, आणि सर्व्हे कोर्सचा तसा दावाही नसतो. घटनांचा क्रम, त्यांमधले कार्यकारण आणि एखादा जुना कागद हाती आला तर त्याला विचारायचे चार प्रश्न, एवढे त्यातून मिळते. ते प्रश्न पुढे वर्तमानपत्राला, निवडणुकीच्या भाषणाला आणि फोनवर आलेल्या संदेशालाही विचारता येतात. ज्याला आठवड्याचे नऊ तास खरोखर काढता येतील, त्याने हा विषय ऑनलाइन खुशाल घ्यावा. ज्याला ते जमण्यासारखे नाही, त्याने एक सत्र थांबावे. घाईने तीन क्रेडिट्स उरकण्यापेक्षा ते केव्हाही हिताचे.